काटा खोटं बोलतो तेव्हा

आपल्या बचत गटांकडे आता शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीबरोबर गाड्याही आल्या आहेत. कुणाची भाजीची पिकअप, कुणाची दुधाची, कुणाच्या घरची जुनी मोटार. गाडी आली की तिच्या डिझेलचा हिशोबही आलाच. हा हिशोब आपण ज्याच्या भरवशावर ठेवतो त्या तेलाच्या काट्याबद्दल आज बोलू.

आधी काटा चालतो कसा ते बघू. टाकीच्या आत एक लहान डबीसारखा तरंगता भाग असतो, त्याला फ्लोट म्हणतात. आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखाच. तो एका दांडीला जोडलेला असतो. तेल कमी झालं की फ्लोट खाली येतो आणि दांडी फिरते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक जीभ असते, ती एका पट्टीवर घासत सरकते. ती जिथे टेकेल त्याप्रमाणे विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. वायरीतून ती खबर समोरच्या मीटरपर्यंत जाते आणि काटा हलतो. टाकीतल्या या सगळ्या भागाला सेंडर किंवा टाकीचं युनिट म्हणतात.

म्हणजे चार ठिकाणी बिघाड होऊ शकतो: टाकीतलं युनिट, तिथून येणारी वायर, अर्थिंग आणि समोरचं मीटर. गॅरेजवाला थेट म्हणाला, "मीटर बदलावं लागेल," तर आपण विचारायचं, "दादा, आधी टाकीकडची वायर आणि अर्थ तपासला का?"

आता लक्षणं. टाकी भरूनही काटा रिकामीच दाखवत असेल तर फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल, दांडी अडकली असेल किंवा वायर सुटली असेल. काटा एका ठरावीक जागी आला की उडी मारत असेल तर पट्टी तिथे झिजलेली असते. पावसाळ्यात चिखलपाण्यातून गेल्यावर बिघडला तर कनेक्टरमध्ये ओल किंवा गंज बघावा. चढाला काटा थोडा हलणं मात्र नेहमीचंच आहे, टाकीतलं तेल एका बाजूला जातं म्हणून.

आणखी एक लक्षण ध्यानात ठेवा. गाडीचे दिवे लावले की काटा खाली येतो आणि बंद केले की हळूहळू वर जातो. मागच्या दिव्यांचा आणि टाकीच्या युनिटचा अर्थ एकाच जागी असेल आणि तिथे गंज चढला असेल तर असं होतं.

याच गंजापायी एका गटात भांडण पेटलं होतं. पिकअप चालवायला एका ताईंचा भाचा होता. सचिव रोज सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर काटा बघून वहीत लिहायच्या. गाडी परत यायची ती दिवे लावूनच, आणि काटा दिसायचा फार खाली. मग कुजबुज सुरू झाली, पोरगा डिझेल काढतोय म्हणून. मावशीने बैठकीला येणं सोडलं. शेवटी एका वायरमनने दिवे बंद करून काटा दाखवला, तेव्हा तो वर चढताना सगळ्यांनी पाहिला. चासीवरचा गंजका नट घासून वायर पुन्हा आवळली आणि काटा सरळ झाला. मावशीला बैठकीत परत आणायला मात्र तीन महिने लागले. म्हणून सांगते, माणसावर बोट दाखवण्याआधी वायर बघा.

तपासणी करताना क्रम पाळायचा. पहिल्यांदा फ्यूज. फ्यूज गेला असेल तर बहुतेक वेळा मीटरवरचं दुसरंही काही बंद असतं. मग टाकीजवळचा कनेक्टर: सुटलाय का, हिरवट गंज आहे का. तिसरा अर्थ. युनिटच्या अर्थच्या वायरीपासून चासीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूपर्यंत एक जादा वायर जोडायची. काटा ठीक झाला तर दोष अर्थचाच.

चौथी चाचणी वायरमनच्या हाताने करावी, पण ती समजून घ्या. चावी चालू ठेवून युनिटची खबर नेणारी वायर काढली की काटा एका टोकाला जातो. तीच वायर क्षणभर अर्थला टेकवली की दुसऱ्या टोकाला जातो. कुठल्या टोकाला रिकामी आणि कुठल्या टोकाला भरलेली, हे गाडीगणिक बदलतं. काटा दोन्हीकडे गेला तर मीटर आणि वायर चांगली, दोष टाकीत. काटा जागचा हललाच नाही तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. हे जुन्या, साध्या मीटरच्या गाडीसाठी. नव्या गाडीत ही खबर कॉम्प्युटरमार्गे जाते, तिथे वायर टेकवायची नाही.

युनिट बाहेर काढलं तर मल्टिमीटर लावून दांडी सावकाश वरखाली करतात. आकडा सलग बदलत गेला तर युनिट चांगलं. मध्येच उडाला किंवा गायब झाला तर पट्टी झिजली, युनिट बदलायचं. फ्लोट कानाजवळ हलवून बघायचा, आत तेल खळखळलं तर तो फुटका आहे. काही गाड्यांत नुसता फ्लोट बदलून मिळतो. परत बसवताना रबरी वॉशर नवा घालायचा, नाहीतर तेल पाझरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकी उघडणं हे घरचं काम नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच व्हायला हवं. जवळ चूल, बिडी, वेल्डिंग काही नको. बॅटरीजवळ हात घालण्याआधी धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढा, पदर खोचून घ्या. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं नाही. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत पंप आणि युनिट एकत्र असतं आणि तेलाच्या नळीत दाब असतो, ते जाणकार मिस्त्रीलाच करू द्या.

काटा दुरुस्त होईपर्यंत गाडी कशी चालवायची? टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. समजा मधल्या काळात गाडी 450 किलोमीटर चालली आणि 30 लिटर लागलं, तर एका लिटरला 15 किलोमीटर. टाकी 45 लिटरची असेल तर हिशोबाने 675 किलोमीटर जाईल, पण आपण 500 ला भरून घ्यायचं. डिझेल पूर्ण संपलं तर लाइनमध्ये हवा शिरते, नुसतं तेल ओतून गाडी सुरू होईलच असं नाही. तोवर गाडीतलं दूध नासतं.

काटा सुधारल्यावरही ही वही बंद करू नका. काटा अंदाज सांगतो, हिशोब वहीच सांगते. येत्या बैठकीत गटाच्या गाडीजवळ उभ्या राहा, आधी दिवे बंद ठेवून काटा बघा, मग लावून बघा. काटा हलला तर तशी नोंद करा आणि वायरमनला बोलवा.