विद्याशाखांच्या सीमेपलीकडे खुली संशोधन-विदा : स्वागताध्यक्षीय भाषण

संशोधनातील विदा, म्हणजेच डेटा, हा निष्कर्षाचा पाया असतो. मोजमापे, निरीक्षणांच्या नोंदी, प्रतिमा, नमुन्यांचे तपशील, सर्वेक्षणांतील उत्तरे आणि त्यांवर प्रक्रिया करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या हे सारे त्यात येते. शोधनिबंधात यातला थोडाच भाग छापला जातो. उरलेला कपाटात किंवा संगणकात पडून राहतो. ही विदा कोणालाही शोधता येईल, पाहता येईल आणि मूळ संशोधकाला श्रेय देऊन पुन्हा वापरता येईल अशी ठेवली, की ती खुली झाली. एकाच शाखेच्या अभ्यासकांत अशी देवघेव जुनी आहे. एका शाखेची विदा दुसऱ्या शाखेच्या कामी येणे मात्र आपोआप घडत नाही. नोंद कोठे, केव्हा, कोणत्या उपकरणाने आणि कोणत्या एककात घेतली हे नोंदीसोबत लिहिलेले असेल, तरच परक्या शाखेचा अभ्यासक तिच्यावर विसंबू शकतो. या परिषदेचा विषय हाच आहे.

परिषद मुंबईत भरते आहे आणि या विषयाचा फार मोलाचा दाखला याच शहरात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. छायाचित्रण पद्धतीने आपोआप नोंदी करणारी उपकरणे १८७२ नंतर आली. त्याआधी निरीक्षक डोळ्यांनी वाचन घेऊन वहीत आकडा लिहीत. हे काम रात्रंदिवस, तासातासाला चाले. क्षेत्र अस्थिर झाल्याचे दिसले की वाचन दर पंधरा, प्रसंगी दर पाच मिनिटांनी घेतले जाई. २ सप्टेंबर १८५९ रोजी हीच शिस्त कामाला आली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तीव्र प्रकाशझोत पाहिला होता. त्यामागोमाग आलेल्या चुंबकीय वादळात युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली आणि कुलाब्याच्या वहीत क्षैतिज चुंबकीय बलाची सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली.

त्या निरीक्षकांच्या काळी कृत्रिम उपग्रह नव्हते, विजेची जाळी नव्हती, अवकाश-भौतिकी नावाची शाखाही नव्हती. ब्रूस त्सुरुतानी, मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच नोंदींच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज प्रसिद्ध केला. आज वीजवाहिन्या आणि उपग्रह किती मोठ्या सौर वादळाला तोंड देऊ शकतील, याचा विचार करताना १८५९ चे वादळ मापदंड म्हणून वापरले जाते.

या नोंदींची साखळी अखंड राहिली तीही जाणीवपूर्वक. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडतील हे लक्षात घेऊन अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जुळवता आली. जागा बदलली तरी विदा तुटू नये, यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या शहरात या परिषदेसाठी आलेल्या भौतिकी, जीवशास्त्र, वैद्यक, कृषी, भूशास्त्र, समाजशास्त्रे आणि ग्रंथालयशास्त्र या शाखांतील सर्व अभ्यासकांचे, विदा जतन करणाऱ्या तंत्रज्ञांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत.

विदेच्या देवघेवीला संस्थात्मक रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी जागतिक विदा केंद्रांची योजना आखली गेली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही अशी केंद्रे चालवली. १९७१ मध्ये प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह, प्रोटीन डेटा बँक, अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाला. पुढे नियतकालिकांनी रचना संग्रहात जमा केल्याशिवाय निबंध स्वीकारणे थांबवले आणि संग्रह वाढत गेला. मानवी जनुकसंचय प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे ठरवले, की जुळवलेला क्रम चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य केल्या. त्याआधी एका प्रतिमेला सहाशे डॉलरपर्यंत किंमत पडे, त्यामुळे अभ्यासक मोजक्याच प्रतिमा घेत. २०१३ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक प्रतिमा वापरून जगभरातील जंगलांच्या घट-वाढीचा नकाशा तयार झाला. प्रतिमेमागे पैसे मोजावे लागले असते, तर हे काम कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यात आले नसते.

प्रोटीन डेटा बँकेचे फळ तर वेगळ्याच शाखेने पुढे आणले. स्फटिकशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे जमवलेल्या दीड लाखांहून अधिक रचनांवर ‘अल्फाफोल्ड’ ही संगणकप्रणाली शिकवली गेली. प्रथिनाच्या घटकक्रमावरून त्याची रचना वर्तवणाऱ्या या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. प्रत्येक रचना ठरलेल्या साच्यात, अणूंच्या निर्देशांकांसह आणि प्रयोगपद्धतीच्या तपशिलासह जमा झाली होती, म्हणून संगणकशास्त्रज्ञांना ती थेट वापरता आली.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा अनुभवही बोलका आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची ही दुर्बीण राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. निरीक्षणाचा प्रस्ताव मांडणाऱ्या गटाकडे विदा अठरा महिने राखीव राहते, नंतर ती संग्रहातून इतरांना मिळते. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर झालेल्या आकाश-सर्वेक्षणाची विदा ह्युब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा तपासली आणि ९० टक्के आकाशातील सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी खुली केली. २०१८ मध्ये याच सर्वेक्षणाच्या आधारे तोपर्यंत माहीत असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. या दुर्बिणीच्या संकेतांत आयनांबराच्या हालचालींमुळे विकृती येतात. खगोलशास्त्रज्ञ त्या काढून टाकतात. वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारे नेमक्या त्याच विकृतींवरून विषुववृत्ताजवळच्या आयनांबराचे वर्तन मोजतात. एका शाखेने गाळून टाकलेला भाग दुसऱ्या शाखेचे निरीक्षण ठरतो, म्हणून प्रक्रिया केलेल्या निकालाबरोबर मूळ विदाही जपावी लागते.

शाखांच्या सीमेवर विदा अडते ती बहुधा साध्या कारणांनी. एककांचा उल्लेख नसतो, स्तंभांची शीर्षके त्या गटालाच कळतील अशी असतात, नोंद न झालेल्या जागी कोणी शून्य लिहितो तर कोणी जागा मोकळी सोडतो. जनुकांच्या याद्यांत एक निराळाच घोटाळा झाला. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ ही जनुकांची लघुनावे एक्सेलमध्ये भरताच त्यांच्या तारखा होत आणि जनुक यादीतून नाहीसे होई. एक्सेलमधील याद्या जोडलेल्या सुमारे एक-पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दाखवून दिले गेले. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलून ‘सेप्टिन२’, ‘मार्चएफ१’ अशी केली.

अशा अडचणींवर सर्व शाखांना लागू पडतील अशी चार तत्त्वे २०१६ मध्ये मांडली गेली आणि ‘फेअर’ या नावाने ती रूढ झाली. विदा शोधता यावी, मिळवता यावी, इतर विदेबरोबर जुळवता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी ही तत्त्वे आहेत. प्रत्यक्षात त्यासाठी प्रत्येक विदासंचाला कायमचा ओळखक्रमांक, यंत्राला वाचता येईल असे वर्णन, सर्वमान्य स्वरूप आणि वापराची स्पष्ट अनुमती लागते. खगोलशास्त्राने ‘फिट्स’ आणि हवामानशास्त्राने ‘नेटसीडीएफ’ हे स्वरूप फार पूर्वीच स्वीकारले. त्यांत आकडे आणि त्यांचे वर्णन एकाच धारिकेत राहतात, एकमेकांपासून सुटत नाहीत.

सर्व विदा सरसकट खुली करता येत नाही, हेही तितकेच खरे. रुग्णांच्या नोंदींतून नावे काढली तरी वय, गाव आणि दुर्मीळ आजार यांच्या मेळातून व्यक्ती ओळखू येऊ शकते. संकटग्रस्त वनस्पतीचे अचूक ठिकाण जाहीर झाले तर तस्करांचे फावते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत वैदू, पशुपालक आणि शेतकरी यांचे ज्ञान असते. त्यावर त्या समाजाचा हक्क आहे. आदिवासी समूहांच्या विदेसाठी २०१९ मध्ये मांडलेली ‘केअर’ तत्त्वे सामूहिक हित आणि समूहाचा अधिकार यांना प्राधान्य देतात. शक्य तेथे विदा खुली ठेवावी, राखीव ठेवायची तर कारण नोंदवावे आणि ती मिळवण्याची रीत जाहीर करावी, हा मार्ग सर्व शाखांना मानवणारा आहे.

भारतात २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी विदा खुली करण्याची चौकट घातली. फरिदाबाद येथे २०२२ मध्ये भारतीय जैवविज्ञान विदा केंद्र सुरू झाले. धोरण आणि केंद्र यांच्याइतकीच गरज माणसांची आहे. प्राणी आणि वनस्पती यांच्यावरील ५१६ शोधनिबंधांच्या २०१४ मधील पाहणीत दिसले, की निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की त्याची मूळ विदा हाती लागण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी घटते. लेखकांचे ईमेल पत्ते बंद पडतात, फ्लॉपी वाचणारी यंत्रे मिळेनाशी होतात, नोंदी ठेवणारा विद्यार्थी दुसरीकडे निघून जातो. विदा नीट लावून, वर्णन लिहून संग्रहात जमा करणे हे वेळखाऊ आणि कौशल्याचे काम आहे. नेमणूक आणि बढती यांच्या वेळी त्याची दखल घेतली जात नाही तोवर ते काम कोणीतरी सवडीने करण्याचे काम राहील. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम, विद्यापीठात त्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी आणि विदासंचाच्या संदर्भाला शोधनिबंधाच्या संदर्भाएवढे मोल, या तीन गोष्टी मिळाल्या तर खुल्या विदेचे धोरण कागदावरून प्रयोगशाळेत उतरेल.

परिषदेपुढील काम यावरून ठरते. प्रत्येक शाखेने आपल्या विदेचे किमान वर्णन कोणते असावे हे सांगावे. इतर शाखांनी ते वाचून आपल्याला काय कळत नाही हे सांगावे. आणि दोहोंतून निघणारा सामाईक नमुना संस्थांनी अमलात आणावा. हे काम सत्रांमध्ये पार पडेल, असा विश्वास व्यक्त करून स्वागत समिती पुढील कामकाज परिषदेच्या अध्यक्षांकडे सोपवत आहे.