छत्राचा हिशेब आणि मोठी विदा



तंजावरहून पट्टुक्कोट्टईच्या वाटेने निघाले म्हणजे ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ तेथे छत्र बांधले; त्यावरून गावाला मुक्तांबाळपुरम् असेही नाव मिळाले. छत्र म्हणजे अन्नछत्र, धर्मशाळा आणि पाठशाळा यांचा एकत्र संसार. आज ज्या विषयाची ओळख करून द्यायची आहे तो मात्र अगदी नवा आहे. 'बिग डेटा', म्हणजे मोठी विदा, या विषयातील शब्द हल्ली वृत्तपत्रांतून सतत कानांवर येतात. पण त्यांचा अर्थ पुष्कळांना धूसरच राहतो. तो समजून घेण्यास या छत्राइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

विदा म्हणजे नोंदलेली माहिती. छत्राच्या कारकुनाने आज किती जण जेवले, किती तांदूळ लागले, हे कीर्दीत टिपले असे समजू. ही झाली विदा. रकाने ठरलेले, आकडे जागच्या जागी. म्हणून हिला 'संरचित' विदा म्हणतात. परंतु एखाद्या यात्रेकरूने राजाला लिहिलेल्या अर्जाला रकाने नसतात. ती 'असंरचित' विदा. आजची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चलभाषवरील संदेश हे सारे या दुसऱ्या जातीचे होत.

मग 'मोठी' कोणत्या विदेला म्हणावे? २००१ साली डग लेनी या अमेरिकन अभ्यासकाने तीन लक्षणे सांगितली : राशी, वेग आणि वैविध्य. एका छत्राची कीर्द एक कारकून सांभाळील. पण देशातील प्रत्येक स्वयंपाकघरातून क्षणोक्षणी नोंदी येऊ लागल्या, त्याही आकडे, चित्रे आणि आवाज अशा नाना रूपांत, तर एका कारकुनाचे, किंवा एका यंत्राचेही, काम उरत नाही. पुढे या तिन्हींना चौथे लक्षण जोडले गेले, ते विश्वासार्हतेचे. आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

एवढी राशी मोजायची कशी? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीच्या मोडी कागदांचे तेराशेहून अधिक गठ्ठे आहेत. त्यांतून एखाद्या वर्षी किती तांदूळ खर्ची पडला हे काढायचे झाले, तर एकेक गठ्ठा एकेका जाणकाराच्या हाती द्यावा, प्रत्येकाने आपापली बेरीज करावी आणि शेवटी बेरजांची बेरीज घ्यावी. 'मॅप-रिड्यूस' ही पद्धत नेमकी हीच आहे. गूगलच्या संशोधकांनी ती २००४ साली प्रसिद्ध केली. तिच्या आधारे उभारलेल्या 'हडूप' या प्रणालीला तर तिच्या कर्त्याने आपल्या मुलाच्या खेळण्यातील हत्तीचे नाव दिले!

गठ्ठ्यात काय आहे, कोणत्या सालचे आहे, हे सांगणारी वरची चिठ्ठी म्हणजे 'मेटाडेटा', विदेविषयीची विदा. ही चिठ्ठी हरवली की गठ्ठा असूनही नसल्यासारखा होतो. निवडून, पाखडून, मापून भरलेले धान्याचे कोठार, तसे 'डेटा वेअरहाउस'. पाऊस येईल तसा साठवणारे तळे, तसा 'डेटा लेक'. तेथे विदा मूळ रूपातच राहते आणि गाळायची ती उपसताना. पायरीपायरीने उत्तराकडे नेणारी ठरलेली रीत म्हणजे 'अल्गोरिदम'. आणि मागील वर्षांच्या नोंदी पाहून अमावास्येला रामेश्वराचे यात्रेकरू वाढतील, तेव्हा तांदूळ जास्त वैरावा, असा अंदाज बांधणे म्हणजे 'भाकीत विश्लेषण'.

परिभाषा येथे संपते. पण विषय संपत नाही. कीर्दीत कोण येते? जो पंक्तीला बसला तो. जो ओसरीपर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद कोठेच होत नाही. आकडे कितीही वाढले तरी ही उणीव आपोआप भरून निघत नाही. चुकीचीच विदा दसपट झाली, तर चूकच दसपट होते.

१८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना तंजावरच्या छत्रांविषयी पत्र लिहिले. राज्यकारभार १७९९च्या तहाने कंपनीकडे गेला होता. निदान छत्रे तरी चालू राहावीत, ही राजाची कळकळ होती. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे अन्न मिळे, असे तो सांगतो. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की जो जेवला नसेल त्याने यावे.

ही घंटा मला फार मोलाची वाटते. हिशेब तर आधीच पुरा झालेला असे. पण हिशेबाबाहेर कोणी राहिले आहे काय, असा प्रश्न ती विचारीत असे. आज शिधावाटपाच्या दुकानात, कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या एखाद्या वृद्धेचा ठसा यंत्राला ओळखू येत नाही. विदेच्या लेखी ती आलेलीच नसते. भूक मात्र तिच्याबरोबर घरी परतते. यंत्राने चटकन मोजावे, हे उत्तमच. परंतु मोजणी संपल्यावर दाराशी उभे राहून घंटा वाजविण्याचे काम यंत्राचे नव्हे; ते आपले आहे.