फाईल पोचली, पण अक्षरं पोचली का?

आजचा भाग ऐकताना वही-पेन लागणार नाही, पण ऐकून झाल्यावर घरातला जुना पेनड्राईव्ह मात्र शोधावा लागेल.

विषय साधा आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, आणि तुमच्या हातातला फोन. एकीकडची फाईल दुसरीकडे न्यायची. कॉपी-पेस्ट केलं की झालं, असं आपल्याला वाटतं. पण कॉपी करताना जातात ते फक्त बाईट्स, म्हणजे आकडे. त्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा, हे पलीकडचं मशीन ठरवतं. सगळी गडबड तिथेच होते.

आधी पेनड्राईव्ह बघू. ६४ जीबीचा ड्राईव्ह, पूर्ण रिकामा, आणि ताईच्या लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ काही केल्या त्यात जात नाही. ड्राईव्ह खराब नाहीये. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, आणि त्यात ४ जीबीची एक फाईलसुद्धा बसत नाही. बरं, एनटीएफएस केला तर मॅक तो वाचतो, पण आपणहून त्यावर लिहीत नाही. मधला मार्ग म्हणजे एक्सफॅट. विंडोज आणि मॅकवर तो चालतोच, आणि २०१९ च्या ५.४ कर्नलपासून लिनक्समध्येही आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, म्हणून आधी कॉपी काढा. आणि ड्राईव्ह उपटून काढू नका, इजेक्ट करा. चालू लिखाण मध्येच तुटलं तर सावरून घेण्याची सोय एक्सफॅटमध्ये नाही.

आता अक्षरांकडे येऊ. समजा, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीची यादी तुम्ही गूगल शीट्समध्ये मराठीत केली, सीएसव्ही म्हणून उतरवली आणि विंडोजवरच्या एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली. बऱ्याचदा काय दिसतं? 'म' च्या जागी तीन चिन्हं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, एक चलनाचं चिन्ह आणि गोलातला आर. फाईल करप्ट झाली का? अजिबात नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट्सचं असतं. एक्सेलला वाटलं, ही तीन वेगळी युरोपियन अक्षरं आहेत. बस, एवढंच.

खरा धोका पुढे आहे. तो कचरा बघून घाबरून सेव्ह दाबू नका! तशीच बंद करा. मग कोरी शीट उघडा, डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाईल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. तिथेच खाते क्रमांकाचा कॉलम 'टेक्स्ट' करून टाका. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात, आणि १५ च्या पुढचे अंक शून्य होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे कितीतरी वर्षं मराठी टाईप झालं ते जुन्या फॉन्टांत. कुणाच्या आजोबांनी लिहिलेल्या गावाच्या आठवणी, कुणाच्या आईच्या कविता, संस्थांची इतिवृत्तं. त्या फाईलींत मराठी नाहीच! आत रोमन अक्षरांचे कोड आहेत, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो, आणि 'फालतू फाईल' म्हणून कुणीतरी ती डिलीट करतं.

म्हणून आधी फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की बहुतेक वेळा ते वर दिसतं. मग त्याच फॉन्टसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरा, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. रूपांतर झाल्यावर वाचून बघा, विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना वेलांटी आधी यायची, युनिकोडमध्ये 'क' आधी येतो. 'वर्ष' मधला रफार तिथे 'ष' नंतर, इथे आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, आणि तिथे तो चुकू शकतो. शिवाय 'दऱ्या' आणि 'दर्या' बघा. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र! हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कन्व्हर्टरला हा फरक माहीत असेलच असं नाही. तो आपल्यालाच पकडावा लागतो.

आणि मूळ फाईल ठेवा. सोबत त्या जुन्या मशीनवरूनच काढलेली एक पीडीएफ ठेवा, म्हणजे ताडून बघता येईल.

हे काम आत्ता का करायचं? कारण तो जुना कॉम्प्युटर अजून सुरू होतोय, आणि 'इथे कुठला शब्द होता?' असं विचारलं तर सांगणारं माणूस अजून घरात आहे. त्यांच्या शेजारी बसून करा, चहा घेऊन.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, इजेक्ट केल्याशिवाय काढू नका!