हिरव्या जुडीची निगा



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे विषय होऊन गेले. कोथिंबिरीच्या जुडीवर कोणी बोलल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही. आम्ही हा विषय कळविला तेव्हा कार्यवाह हसले. मजुरांच्या मागण्या मांडणारा माणूस स्वयंपाकघरात कशाला शिरला, असे त्यांस वाटले असावे. पण मजुराची स्थिती पाहावयाची तर मुकादमाच्या वहीआधी त्याची चूल पाहावी. भाकरीबरोबर काही हिरवे आहे की नुसते तिखटमीठ, एवढ्यावरून पुष्कळ कळते.

आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. कोपीत नळ नाही, शीतकपाट नाही. आठवड्याची खर्ची हाती पडली की एकदा बाजार. म्हणजे एक जुडी सात दिवस कशी पुरवावी, हा तेथे रोजचा प्रश्न आहे. आणि बायकांनी तो आमच्यापेक्षा चांगला सोडविलेला आहे.

काही वर्षांपूर्वी एका धरण्यात जेवणाची व्यवस्था आम्हांकडे होती. स्वच्छतेच्या उत्साहात आम्ही टोपलीभर कोथिंबीर खळखळून धुतली, प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबली आणि गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी पिशव्यांत काळा चिखल! एका म्हाताऱ्या बाईने सर्वांदेखत विचारले, “आवं भाऊ, ती काय नवरी हाय का, न्हाऊ घालून बांधून ठिवायला?” आम्ही चौथीपर्यंत शिकलेले, पुढचे सारे वाचनालयात आणि अशा बोलण्यांतून शिकलो.

तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. पान तुटले तरी काही दिवस जिवंत असते. ते श्वास घेते, पाणी बाहेर टाकते. कोरड्या हवेत ठेवले तर सुकते. ओले करून कोंडले तर सडते. म्हणून पान कोरडे आणि मूळ ओले, एवढे सांभाळावे. जुडी आणली की सोडावी, पिवळी-कुजकी पाने काढावीत, माती झटकावी. मुळे तोडू नयेत. तांब्यात दोन बोटे पाणी घेऊन त्यात मुळे उभी करावीत, वरून घट्ट पिळलेले फडके सैल पांघरावे आणि पाणी रोज बदलावे. धुणे ते वापरावयाच्या वेळी. शीतकपाट असेल तर कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. छापील वर्तमानपत्रात नको, शाई पानाला लागते. हिरव्या मिरचीचे देठ काढून ठेवावेत, कूज बहुधा तेथूनच सुरू होते. आले ओलसर वाळूत पुरावे.

कोपीत तांब्याही मोकळा नसतो. तेथे बाया फुटक्या मडक्यात ओली माती घालून जुडीची मुळे तीत रोवतात आणि मडके सावलीच्या बाजूस ठेवतात. थंडीत चार-पाच दिवस पाला ताठ राहिलेला आम्ही पाहिला आहे.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. मोठ्या मडक्यात लहान मडके, मधल्या फटीत ओली वाळू आणि वर ओले फडके, ही युक्ती नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने 1990 च्या दशकात आपल्या भागात घरोघर पोचविली. दिल्लीच्या पुसा संस्थेने त्याआधीच, 1980 च्या दशकात, विटांच्या दोन भिंतींमध्ये वाळू भरून अशीच थंड पेटी केली होती. हवा जितकी कोरडी, तितके पाणी लवकर उडते आणि गारवा अधिक येतो. म्हणून दमट कोकणापेक्षा केजच्या उन्हात हे साधते. पण पाणी आणावयाचे कोठून? 2016 च्या एप्रिलात आपल्या धनेगावच्या मांजरा धरणात पाणी उरले नव्हते आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत वाळूवर पाणी शिंपा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? तांदूळ-भाजी धुतलेले पाणी बाहेरच्या वाळूला चालते. आतले मडके मात्र स्वच्छ व कोरडे हवे.

वाळवण सर्वांना मानवत नाही. मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवावा. आपल्याकडे पूर्वापार वाळवतात, आणि मजूर बाया गाठोड्यात बांधून नेतात. पुदिनाही बरा टिकतो. कोथिंबीर मात्र वाळवून गवत होते, कारण तिचा वास उडून जाणारा आहे. तुतनखामेन राजाचे थडगे 1922 साली उघडले तेव्हा त्यात धने सापडले. धने तीन हजार वर्षे राहिले. त्याच झाडाचे पान दोन दिवसांत मान टाकते! म्हणूनच येसराची आमटी उतरविल्यावर कोथिंबीर घालावी, उकळीत नव्हे. कढीपत्त्याचे उलट, त्याचा वास तेलात उतरतो, त्याला फोडणीच हवी. कोवळे देठ टाकून देणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते, वाटणाला खरी चव देठांची. थायलंडात तर मुळेही वाटतात.

भाजीवालीकडे वर चार काड्या फुकट मागण्याची आपली रीत आहे. त्या काड्या कोणाच्या वाट्यातून येतात, हे मागताना मनात आणावे. ज्याने चाळीसेक दिवस पाणी देऊन ती वाढविली, त्यास कधी जुडीला रुपयाही सुटत नाही. मग तो माल रस्त्यावर ओतून घरी जातो.

येत्या हंगामाला जाणाऱ्या बहिणींना आम्ही मूठभर धने बरोबर न्यावयास सांगतो. ते रगडून दोन फाका करावेत आणि कोपीमागे, भांडी घासण्याच्या पाण्यावर, वीतभर वाफ्यात पेरावेत. महिना-सव्वा महिन्यात पान खुडण्याजोगे होते. गेल्या हंगामात आमच्या ओळखीच्या तीन कोप्यांमागे असे वाफे होते. एकाची कोथिंबीर त्यांनी पोटभर खाल्ली. बाकीचे दोन हाताशी यावयाच्या आतच मुकादमाने तळ हलविला, आणि ते तसेच मागे राहिले.