देवमाशांच्या दर्शनाला जाताना
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जाफराबाद येथे केलेले भाषण)



खेळणा-पूर्णेच्या काठी राहणाऱ्या मंडळींपुढे समुद्रातील देवमाशांविषयी बोलावे, हे वरकरणी विपरीत वाटेल. आपल्या नावाचे एक जाफराबाद सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. ते बंदर एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अंमलाखाली होते. तेथे हा विषय अधिक शोभला असता. आपली पूर्णा गोदावरीला मिळून पूर्वसमुद्राला जाते, आणि आपण मात्र सहलीसाठी पश्चिमसमुद्राकडे धावतो! तथापि गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या बावीस कुटुंबांनी मालवण-तारकर्लीची सहल केली, पुढील सहलीचा ठरावही आज कार्यकारिणीपुढे यावयाचा आहे. म्हणून चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. देवमासा हा मासा नव्हे, आणि त्याच्याच कुळातील डॉल्फिनही मासा नव्हे. दोघांचे रक्त उष्ण, दोघेही पिलांना दूध पाजणारे, आणि श्वासासाठी दोघांनाही पाण्यावर यावेच लागते. हे त्यांचे वर येणे हेच आपल्या दर्शनाचे मूळ होय. अवाढव्य देवमासा किनाऱ्यापासून दूर असतो. २०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात अभ्यासकांना निळे देवमासे दिसले, तेव्हा तो वृत्तपत्रांचा विषय झाला. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर असाच एक निळा देवमासा जिवंत लागला आणि तेथेच गतप्राण झाला. ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रहयंत्र बसविलेली ‘लुबान’ नावाची एक मादी २०१७ मध्ये अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे आली होती. परंतु असे दर्शन दैवाधीन. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते, त्या परिसरात होडीतून आपल्याला दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला करडा डॉल्फिन. तो उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी, म्हणजे नेमका माणसाच्या वाटेवर राहतो, आणि हेच त्याचे दुर्दैव. जागतिक लाल यादीत त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली आहे.

आता आमच्या होडीची हकीगत सांगतो. सकाळी सातचा सुमार. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्थिर. नावाडी तिशीतला तरुण, अबोल. भाडे ठरविण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी व्यवहारचातुर्य दाखवून अट घातली की, डॉल्फिन दिसले तर पूर्ण पैसे, न दिसल्यास ३०० रुपये कमी. तो हसून म्हणाला, “गुरुजी, ता काय माज्या दावणीक बांधलेला नाय.” तरी हंगामाचे दिवस, पोटाचा प्रश्न, त्याने मान्य केले.

पाऊण तास काही दिसले नाही. मुले कंटाळली, आमच्यातील दोन-तीन गृहस्थ कुरकुरू लागले. इतक्यात डावीकडे एक करडी पाठ वर आली आणि तिला खेटून एक इवलीशी पाठ! माता आणि पिलू. नावाड्याने यंत्र मंद केले. परंतु दुसऱ्या होड्यांनीही ते पाहिले. क्षणात पाच-सहा होड्या चोहोबाजूंनी आल्या. माणसे ओरडत होती, “तिकडे, तिकडे! जवळ घ्या!” त्यांत माझाही आवाज होता, हे मला कबूल केले पाहिजे. आमच्या नावाड्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि यंत्राचा वेग वाढविला. मातेने बुडी घेतली, पिलू क्षणभर वरच राहिले, मग तेही गेले. पुढे अर्धा तास आम्ही शोध घेतला. पुन्हा दर्शन नाही. आणि मी, आपल्या अटीचा अर्थ लावून, ‘नीट दिसले नाहीत’ म्हणून ३०० रुपये कापून घेतले.

परतल्यावर मी या विषयावरचे काही वाचन केले. हा प्राणी गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतो. स्वतः सूक्ष्म ध्वनी काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य ओळखतो. सहा यंत्रांचा गदारोळ म्हणजे त्याला आपण भर दुपारी डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखेच झाले. मादीला एका वेळी एकच पिलू होते, तेही वर्षाआड नव्हे. पिलाला दूध पाजण्याची आणि विसाव्याची वेळ आपण पिटाळण्यात घालविली, तर त्याची भरपाई कोणत्या तिकिटातून होणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला पहिल्या अनुसूचीत घातले आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वाघाभोवती सहा मोटारी घालून आरडाओरडा करणाऱ्यास आपण काय म्हणू?

दोष केवळ नावाड्याचा मानणे अन्यायाचे होईल. राज्याच्या कांदळवन कक्षाची २०१८ पासून एक योजना आहे. संरक्षित जलचर जाळ्यात सापडल्यास मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडावे आणि जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. जाळे कापणारे कोळी बांधव आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिलू किनाऱ्यास लागले, तेव्हा ग्रामस्थ आणि सरकारी माणसे दोन दिवस त्यासाठी राबली. अखेर ते वाचले नाही, ही गोष्ट वेगळी. किनाऱ्यावरच्या माणसाला या जिवाची कणव नाही असे नाही. घाई आपली असते, आणि ती आपण पैशाच्या जोरावर त्याच्या हातांकडून करवून घेतो.

म्हणून ठरावात पुढील मजकूर घालावा अशी माझी सूचना आहे. भाडे आधी ठरवावे आणि डॉल्फिन दिसो वा न दिसो, पूर्ण द्यावे. जनावर दिसताच होडी निदान पन्नास मीटर दूर ठेवण्यास आपणच सांगावे, आणि अगोदर दोन होड्या तेथे असतील तर आपली पुढे नेऊ नये. पिलू दिसल्यास माघार घ्यावी. रक्षक जाकीट घातल्याशिवाय कोणीही होडीत बसू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले, हे आपल्या तरुणांना माहीत असावे. पावसाळ्यात हा बेतच करू नये.

कोणी म्हणतील, इतक्या लांब जाऊन काहीच न दिसले तर? तर सिंधुदुर्ग किल्ला आहे, सकाळचा समुद्र आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तर सहलीत सर्वांत स्मरणीय म्हणून सोलकढीचेच नाव घेतले.

ते कापलेले ३०० रुपये मी गावी आल्यावर त्या नावाड्याकडे पोचते केले. त्याने दूरध्वनी करून पैशाचा विषयही काढला नाही. एवढेच विचारले, “गुरुजी, परत कधी येतलास?” सहलीची तारीख आज ठरली, तर रात्रीच त्याला कळवीन.