आवाज बंद करू नका, कारण शोधा

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्वावलंबन' असा विषय छापला आहे. विषय फार मोठा आहे. मी त्यातला अगदी लहान तुकडा घेणार आहे. गाडीच्या बॉनेटखाली एक रबरी पट्टा असतो. तो किंचाळायला लागला तर काय करायचं, एवढंच मी सांगणार आहे. ऐकून हसू नका. आपल्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

गेली नऊ वर्षं मी आमच्या संस्थेची गाडी चालवते. मार खाल्लेल्या बाईला रात्री दवाखान्यात नेणं, पोलीस ठाण्यात नेणं, तालुक्याच्या कोर्टात तारखेला वेळेवर पोचवणं, ही त्या गाडीची कामं. ती बंद पडली तर नुसता प्रवास अडत नाही.

आधी हा पट्टा म्हणजे काय ते पाहू. पिठाची गिरणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मोटार एकीकडे, जातं दुसरीकडे आणि मधे गरगर फिरणारा पट्टा. गाडीतही तेच. इंजिनाच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून हा पट्टा निघतो आणि बाकीच्या पुल्या फिरवतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर त्याच्यावर चालतो. एसीचा कॉम्प्रेसर त्याच्यावर चालतो. पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच्यावर, आणि काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचा पंपही. शिवाय एक-दोन पुल्या नुसत्या पट्ट्याला वळण देण्यासाठी आणि ताण राखण्यासाठी असतात. त्यांना आयडलर आणि टेन्शनर म्हणतात. मेस्त्री लोक या पट्ट्याला अजून 'फॅन बेल्ट' म्हणतात, कारण जुन्या गाड्यांत रेडिएटरचा पंखाही याच्यावरच फिरायचा. आता बहुतेक मोटारींत पंखा विजेवर फिरतो, नाव मात्र तेच राहिलं.

एका पट्ट्यावर सगळं घर चालतं आणि तो तुटेपर्यंत कुणाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. हे वर्णन ऐकून तुमच्यापैकी काहीजणी एकमेकींकडे बघताहेत, ते मला दिसतंय.

आमची गाडी ११ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती सकाळी सुरू केली की चिवचिव करायची. मग चढावर किंचाळायला लागली. त्याखाली एक सतत घरघर होती, गाडीचा वेग वाढला की वाढणारी. मी गॅरेजमध्ये गेले. मेस्त्रीने बॉनेट उघडलं, एका डब्यातून पट्ट्यावर फवारा मारला, आवाज थांबला, पैसे घेतले. तीन दिवसांनी आवाज परत. पुन्हा फवारा, पुन्हा पैसे. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "आवाज कशाचा आहे?" उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्हाला नाही कळणार. साहेबांना पाठवा." आमच्या संस्थेत साहेब नाहीत.

त्याच आठवड्यात रात्री एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन मी जिल्ह्याच्या गावी निघाले. नवरा शोधत फिरत होता. गावातला रस्ता चढाचा. गाडी अशी किंचाळली की दोन घरांत दिवे लागले. मागच्या सीटवरून ती बाई म्हणाली, "ताई, हिला गप्प करा ना." त्या रात्री मी ठरवलं की आता फवारा नाही. काय झालंय ते आपणच बघायचं.

एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका आमच्या ओळखीचे आहेत. ते खुर्ची टाकून बसले. सांगणं त्यांचं, हात आमचे. त्यांनी आधी पाना हातात दिलाच नाही. म्हणाले, "पहिल्यांदा ऐका. गाडी खोटं बोलत नाही." त्या दिवशी जे शिकलो ते तुम्हाला सांगते.

लांब किंचाळी, विशेषतः गाडी सुरू करताना किंवा एसी लावल्यावर, म्हणजे पट्टा घसरतोय. ताण कमी झालाय, नाहीतर पट्टा झिजून गुळगुळीत झालाय. तुटक चिवचिव, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ठेक्यात येणारी, म्हणजे बहुधा एखादी पुली सरळ रेषेत नाही. आणि घरघर किंवा खरखर म्हणजे पुलीच्या आतलं बेअरिंग गेलंय.

पहिल्या दोन आवाजांत फरक करायला एक सोपी चाचणी आहे. इंजिन चालू असताना लांबून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला, बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुली वाकडी आहे. किंचाळी उलट वाढली तर ताण कमी आहे. या चाचणीला केस घट्ट बांधलेले हवेत, पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली आणि हात लांब. पाण्याचा उपयोग ओळखण्यापुरताच आहे, उपाय म्हणून नाही. डब्यातल्या फवाऱ्याचं तसंच. आवाज दोन दिवस दबतो, दोष आत वाढत राहतो. आणि पट्ट्यावर तेल तर कधीच टाकायचं नाही. तेलाने रबर फुगतं आणि पट्टा जास्तच घसरतो.

मग इंजिन बंद केलं. ते पूर्ण थंड होऊ दिलं. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. किल्ली माझ्या खिशात. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली. पट्टा कुठल्या पुलीवरून कसा गेलाय त्याचं चित्र आमच्या एका मैत्रिणीने वहीत काढलं. हे फार महत्त्वाचं. पट्टा एकदा निघाला की तो कसा होता हे कुणालाच आठवत नाही. आता मोबाइलवर फोटोही काढता येतो.

आमच्या गाडीत ताण स्प्रिंगचा टेन्शनर ठेवतो. त्याला लांब पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध दाबायचं, पट्टा सैल पडतो, तो गुळगुळीत पुलीवरून काढून घ्यायचा आणि पाना हळूहळू सोडायचा. झटकन सोडला तर बोटं चेमटतात. जुन्या काही गाड्यांत स्प्रिंग नसते, तिथे अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून तोच आत ढकलावा लागतो.

पट्टा निघाल्यावर खरी तपासणी सुरू होते. एकेक पुली हाताने फिरवायची. चांगली पुली गुपचूप फिरते आणि आतल्या ग्रीसमुळे लवकर थांबते. खराब पुली हाताला वाळू घातल्यासारखी लागते, किंवा अगदी मोकळी सुटल्यासारखी फिरत राहते, किंवा डुलते. अल्टरनेटर ठीक निघाला. पाण्याचा पंप ठीक. आयडलर खरखरला आणि हलवून पाहिला तर डुललाही. म्हणजे घरघर त्याची होती. तो डुलत असल्यामुळे पट्टा तिरका धावत होता, म्हणून चिवचिव. आणि तिरका धावून पट्टा चकचकीत झाला, म्हणून किंचाळी. तीन आवाज, मूळ एक. नुसता पट्टा बदलला असता तर नवा पट्टाही महिन्या-दोन महिन्यांत ओरडला असता.

या पुलीचं बेअरिंग बंद असतं, त्यात बाहेरून ग्रीस भरता येत नाही. पुली बदलायचीच. मधला बोल्ट सोडताना काकांनी थांबवलं. काही गाड्यांत उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी पुस्तकात बघा म्हणाले. आमच्यात सरळ होते. नवी पुली बसवली आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळली.

नवा पट्टा घेताना जुना सोबत न्यायचा. पाठीवर नंबर असतो. समजा ६पीके१०२० असं लिहिलंय, तर पट्ट्याला ६ खाचा आहेत आणि लांबी १,०२० मिलिमीटर आहे. दुकानदार "चालेल" म्हणाला तरी नंबर जुळल्याशिवाय घ्यायचा नाही. आणखी एक. पूर्वीच्या रबराला भेगा पडायच्या, भेगा दिसल्या की पट्टा बदलायचा. आता वापरतात ते रबर भेगा न पडता टायरसारखं झिजतं. म्हणून वरून धडधाकट दिसणारा पट्टाही आतून संपलेला असू शकतो. खाचांची खोली पाहावी लागते.

वहीतल्या चित्राप्रमाणे पट्टा चढवला, शेवटी गुळगुळीत पुलीवर. प्रत्येक खाच आपल्या जागी बसली का ते बोट फिरवून पाहिलं. इंजिनाच्या पुलीला पाना लावून, ती ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, हाताने दोन फेरे दिले. हत्यारं आणि फडकी मोजून बाहेर काढली, बॅटरी जोडली, गाडी सुरू केली. नुसता इंजिनाचा आवाज. सगळं मिळून अडीच तास लागले, त्यातला अर्धा तास चहाचा.

आता मला तुम्हाला एक कायदा सांगायचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात 'ट्रान्समिशन मशिनरी'ची व्याख्या होती आणि तिच्यात पुली आणि पट्टा हे दोन्ही शब्द होते. त्याच कायद्याचं कलम २२ असं सांगत होतं की चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी, पट्टा चढवणं हे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं. त्याने अंगाबरोबरचे घट्ट कपडे घालावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. आणि बाई? अशा चालू यंत्राला तेल घालणं, ते पुसणं, जुळवणं हे स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलांना करू देऊ नये. धोका दोघांना सारखाच. त्याला प्रशिक्षण आणि कपडे, आपल्याला मनाई.

धोका खरा आहे, हे मी नाकारत नाही. फिरत्या पट्ट्याला पदर, वेणी, बांगडी यातला फरक कळत नाही. पण पुरुषाचं धोतर अडकू नये म्हणून त्याला घट्ट कपडे देता येतात, तर बाईला का नाही? हे कलम कारखान्यापुरतं आणि चालू यंत्रापुरतं होतं. गॅरेजमध्ये बंद इंजिनाचा पट्टा बदलायला ते कधीच आड आलं नसतं. तरी "साहेबांना पाठवा" हे वाक्य त्याच मुशीतून येतं. २०२० च्या कामगार सुरक्षिततेच्या संहितेने स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर नेमलं जाण्याचा हक्क असल्याचं लिहिलं आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कागदावर दार उघडलं. प्रशिक्षण आणि कपडे मात्र मागूनच घ्यावे लागणार आहेत.

आणि हे काम बायकांना नवं आहे असंही नाही. जर्मनीत कार्ल बेंझच्या मोटारीचा इतका गवगवा आहे, तिच्यातून पहिला लांबचा प्रवास केला त्याची बायको बर्था हिने, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, दोन मुलग्यांना घेऊन, शंभर किलोमीटरहून जास्त. नवऱ्याच्या धंद्यात लग्नाआधीच तिच्या माहेरचा पैसा लागला होता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं.

सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं असं माझं म्हणणं नाही. इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा दुसराही पट्टा असतो. तो वेगळा, त्याला शिकल्याशिवाय हात लावायचा नाही. गॅरेजमध्ये जायला लाज नाही. पण जाताना तीन प्रश्न घेऊन जा. आवाज पट्ट्याचा की बेअरिंगचा? पट्टा काढून सगळ्या पुल्या हाताने फिरवून पाहिल्या का? काढलेले जुने भाग मला दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नानंतर 'मॅडम' म्हणण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. आणि प्रवासात पट्टा तुटलाच, बॅटरीचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी लगेच थांबवा. पाण्याचा पंप थांबला असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापून निकामी होतं.

आपल्या केंद्रात रोज बायका येतात. घरचे लोक त्यांना आणून सोडतात आणि म्हणतात, "हिला जरा समजवा, फार आवाज करते." तिला गप्प करून परत पाठवणं सोपं असतं, दोन दिवस घर शांत राहतं. आपण तसं करत नाही. आवाज कुठून येतो ते शोधतो, आणि पुष्कळदा तो जिथून येतोय असं सगळे सांगतात तिथे दोष नसतो. ही सवय आपल्याला आहेच. ती आता बॉनेटखालीही वापरू.

माझी सूचना अशी. ज्या गटाकडे गाडी किंवा रिक्षा आहे, त्या प्रत्येक गटाने एक पान्यांचा संच घ्यावा, गाडीचं पुस्तक जपून ठेवावं आणि किमान दोघींनी हे काम हाताने करून शिकावं. दोघींनी अशासाठी की एक रजेवर असली तरी गाडी निघाली पाहिजे. शेडबाहेर आमची गाडी उभी आहे. जेवणानंतर बॉनेट उघडू. इंजिन तोवर थंड झालेलं असेल. केस बांधून आणि बांगड्या काढून या.