माग चालतात, शहर दमतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘बाहेरचे लोक आले आणि शहराची वाट लागली,’ हे वाक्य लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. त्यात खरं किती आणि केवळ राग किती, हे आज मला भिवंडीच्या निमित्ताने तपासून पाहायचं आहे.

भिवंडी वाढली तीच येणाऱ्या माणसांमुळे. १८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातले विणकर इथे आले. पुढे तेलंगणातले पद्मशाली आले. पद्मनगर ही त्यांची खूण. हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. १९८२मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप झाला आणि गिरण्यांचं कितीतरी काम भिवंडीच्या मागांवर आलं. २००१च्या जनगणनेत शहराची वस्ती सहा लाखांच्या घरात होती, २०११मध्ये ती सात लाखांवर गेली. त्यात पुरुष चार लाखांहून थोडे जास्त, तर स्त्रिया तीन लाखांनाही थोड्या कमीच. म्हणजे हजार पुरुषांमागे जेमतेम ७०९ स्त्रिया. बायकामुलं गावी ठेवून एकटा आलेला माणूस या आकड्यात दिसतो.

आता पहिला प्रश्न मजुरीचा. मागावरचा कामगार बारा-बारा तास उभा असतो. एकेकाकडे चार, सहा, कधी आठ माग. मजुरी विणलेल्या कापडावर, हिशेब बहुधा पंधरवड्याचा. सूत महागलं, वीज गेली, की माग बंद आणि मजुरीही बंद. ही मजुरी कमी आहे, पण ती परप्रांतीयांच्या गर्दीमुळेच कमी आहे का? गिरणीत संघटना होती, हजेरीपट होता, भविष्य निर्वाह निधी होता. तेच कापड भिवंडीत छोट्या-छोट्या शेडमध्ये विणलं जाऊ लागलं. एका मालकाचे माग कागदोपत्री अनेक नावांवर वाटले, की कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहता येई. मजुरी पडली ती मुख्यतः काम कायद्याच्या छपराखालून बाहेर गेल्यामुळे.

बाहेरच्या जगातही हा वाद आहे. १९८०मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेत उतरली आणि त्यांतली बरीच मायामी शहरात राहिली. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने १९९०मध्ये दाखवलं, की तिथल्या मजुरीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे तेच आकडे वेगळ्या रीतीने मांडून म्हटलं, की अगदी कमी शिकलेल्यांची मजुरी घसरली. मला दोघांतून एकच धडा दिसतो : नव्याने आलेल्याची खरी स्पर्धा असते ती त्याच्याआधी आलेल्या गरिबाशी. कारखानदाराशी किंवा कचेरीतल्या बाबूशी नाही.

आणि माणसं निघून गेली तर? तेही आपण पाहिलं. २०२०च्या टाळेबंदीत, मे महिन्याच्या सुरुवातीला, भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडे मजुरांची विशेष गाडी सुटली. पुढे निर्बंध सैल झाले तरी मजूर परतेपर्यंत कितीतरी माग थंडच होते. मागासोबत टेम्पोवाला थांबला, चहावाला थांबला, भिशीही थांबली. आपल्याकडे भिशी म्हणजे पैशांची. भिवंडीत मात्र मजुरांच्या खानावळीला भिशी म्हणतात.

दुसरा प्रश्न घरांचा. इथे मात्र तक्रार खरी आहे. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं आहेत. दिवसपाळीचा उठला, की रात्रपाळीचा त्याच सतरंजीवर आडवा होतो. मागणी इतकी, की मजल्यावर मजला चढतो आणि पायाला कुणी विचारत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत पहाटे, माणसं झोपेत असताना कोसळली. किमान ३८ जणांचे प्राण गेले. एप्रिल २०२३मध्ये वलपाड्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडं असलेली इमारत पडली. आठ जण दगावले. धोकादायक इमारतीची नोटीस भिंतीवर लागते, पण भाडेकरू हलत नाही. जाणार कुठे? तेवढ्या भाड्यात दुसरी खोली नसते.

तिसरा प्रश्न पाणी, दवाखाना, शाळा यांचा. मुंबईला पाणी नेणारे मोठे नळ भिवंडी तालुक्यातून जातात आणि भिवंडीच्या वस्त्यांत टँकरची वाट पाहतात. इंदिरा गांधी रुग्णालयावर शहराचा भार आहे, आसपासच्या गावांचाही. या गावांत आता गोदामांची रांग लागली आहे. तिथला हमालही त्याच रांगेत उभा राहतो. पण या माणसाचं मत गावी, बराच काळ रेशनकार्डही गावी. ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्यासाठी नळजोडणी मागणार कोण? त्यातून २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७साठी जाहीर झाली आहे. तोवर कारभार २०११च्या डोकेमोजणीवर.

मग करायचं काय? माणसं अडवता येत नाहीत आणि अडवली तर माग अडतात. पण तीन गोष्टी करता येतील. मजुराला तो राहतो तिथे मोजावं. मजुरांना परवडतील अशा भाड्याच्या पक्क्या खोल्या मालक, पालिका आणि सरकार यांनी मिळून बांधाव्यात. आणि १९६९च्या माथाडी कायद्याने फिरत्या हमालालाही मंडळ, नोंदणी आणि भविष्य निर्वाह निधी दिला. मालक अनेक असले तरी कामगाराचं खातं एक, ही त्यातली युक्ती. तसं मंडळ मागावरच्या कामगारालाही का मिळू नये?

भिवंडीचं कापड देशभर विकलं जातं, त्याची किंमत मोजली जाते. पण ते विणणाऱ्याच्या राहण्याचा, पाण्याचा, औषधाचा खर्च कापडाच्या किमतीत कुणी धरला नाही. तो खर्च भिवंडीच्या गल्ल्यांवर पडला आणि जुना भिवंडीकर तो नव्या माणसाच्या नावावर मांडत बसला. हिशेब मागायचाच, तर तो ज्यांच्या वहीत नफा जमा झाला त्यांच्याकडे आधी मागू या.